समुपदेशनाच्या खोलीत ईमान: मुस्लिम व्यक्तींसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

"मी पाच वेळची नमाज पढते, रोज कुराण वाचते, तरी मन असं का? माझ्या ईमानातच खोट असेल ना?"

मुस्लिम व्यक्तींसोबत समुपदेशनाचं काम करू लागलात की ईमानाचा, म्हणजे श्रद्धेचा, हा प्रश्न तुमच्यासमोर येणारच. कधी तो थेट विचारला जाईल, कधी 'झोप येत नाही', 'जी घबराता है' अशा तक्रारींच्या मागे दडलेला असेल. मी स्वतः कोकणातल्या मुस्लिम घरात वाढले. तरीही शिकत असताना हा प्रश्न आला की काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धर्माचा विषय निघाला की हळूच दुसरीकडे वळवायचा, एवढंच शिकवलं गेलं. त्या सल्ल्यापायी सुरुवातीच्या काळात काही माणसं मी गमावली. दोन भेटींनंतर ती परत आलीच नाहीत. ज्या गोष्टीच्या आधारानं ती उभी होती, तीच मी दाराबाहेर काढून ठेवायला लावत होते.

तुमचा धर्म कोणताही असो, हे काम तुम्हाला करता येतं. त्यासाठी मौलाना व्हावं लागत नाही, मात्र तयारी लागते.

पहिली पायरी: आधी आपलं घर झाडून घ्या

'मुस्लिम' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते एका कागदावर लिहा. कुणाला दाखवायचं नाही, पण खरं लिहा. मग त्यातलं ऐकीव किती आणि प्रत्यक्ष माणसांकडून कळलेलं किती, ते पाहा. समोरची व्यक्ती तुमच्याकडे येण्याआधी घर बघताना, नोकरी शोधताना, कधी लोकलच्या डब्यात नावावरून जोखली गेलेली असू शकते. तुमच्या खोलीतही तेच होईल की काय, याचा अंदाज ती पहिल्या पाच मिनिटांत घेते.

दुसरं, सगळे मुस्लिम एका साच्यातले नसतात. महाराष्ट्रात बहुतेक सुन्नी हनफी आहेत, कोकणी मुस्लिम मात्र शाफई; हे दोन्ही धार्मिक नियमांचे पंथ आहेत. शिया आहेत, बोहरा आणि खोजा आहेत. सुन्नींमध्येही बरेलवी घरात दर्ग्यावर चादर चढवणं ही श्रद्धेची गोष्ट असते, तर अहले हदीस घरात तेच चूक मानलं जातं. 'दर्ग्यावर जाऊन आलात का, बरं वाटेल' हा तुमचा सद्भावनेचा सल्ला एखाद्याला चांगलाच खुपू शकतो. भाषेचंही तसंच. मुस्लिम म्हणजे उर्दूच, असं धरू नका. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांत चूल पेटल्यापासून दिवा मालवेपर्यंत कोकणी-मराठीच बोलली जाते.

आणि काही जण नावानंच मुस्लिम असतात. त्यांना धर्मातून काहीही नको असतं, किंवा धर्माच्या नावाखाली त्यांना दुखावलं गेलेलं असतं. त्यांच्यावर ईमानाची चर्चा लादणं हा अन्यायच आहे.

दुसरी पायरी: पहिल्या भेटीत विचारा

वैद्यकीय क्षेत्रात क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी आखलेली एक साधी प्रश्नावली आहे. श्रद्धा काय आहे, ती तुमच्यासाठी किती महत्त्वाची, तुमच्यासोबत कोणता समुदाय आहे आणि उपचारात आम्ही ती कशी लक्षात घ्यावी, एवढं ती विचारते. मी हे माझ्या शब्दांत विचारते: "कठीण दिवसांत तुम्हाला कशाचा आधार वाटतो?" उत्तरात 'अल्लाह' आला तर पुढे जाते: "सध्या तो आधार पूर्वीसारखा वाटतो, की त्यातही काही बदललंय?"

हा दुसरा प्रश्न सोडू नका. केनेथ पार्गामेंट यांच्या संशोधनानं दाखवलं आहे की श्रद्धा माणसाला सावरते तशी पोखरतेही. 'अल्लाह माझ्यासोबत आहे' आणि 'अल्लाह मला शिक्षा देतोय' ही दोन्ही वाक्यं श्रद्धाळू माणसाचीच आहेत. तुमचं काम दुसऱ्या वाक्यापाशी जास्त आहे.

व्यवहाराच्या गोष्टीही याच भेटीत मिटवा. समुपदेशक स्त्री हवी की पुरुष, हे विचारा. हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करू नका. परक्या स्त्री-पुरुषानं बंद खोलीत एकट्यानं बसणं अनेकांना योग्य वाटत नाही, म्हणून दाराला काच असेल किंवा दार किंचित उघडं ठेवता येत असेल तर तसं सुचवा, फक्त आवाज बाहेर जाणार नाही याची खात्री करा. स्त्रीसोबत नवरा किंवा भाऊ आला असेल तर त्याला सन्मानानं बसवा, पण थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलायला मिळालाच पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तिला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि धर्मावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचाही. हे दोन्ही हक्क तिला सोप्या शब्दांत सांगा. शुक्रवारी दुपारी जुमाच्या सामूहिक नमाजेच्या वेळेत भेट ठेवू नका. एवढ्या साध्या गोष्टीनंही माणूस सैलावतो.

तिसरी पायरी: आजार आणि ईमान वेगळे करा

इथे वेळ द्या. बाकी सगळं याच पायरीवर उभं राहतं.

नैराश्यातल्या माणसाला घरचे, शेजारचे, कधी मशिदीतले लोकही सांगत असतात: सब्र (धीर) कर, नमाज पढ, अल्लाहवर भरोसा ठेव. यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ होतो, 'माझा भरोसा कमी पडला म्हणून हे झालं.' आजाराच्या ओझ्यावर गुन्ह्याचं ओझं चढतं. मग तो नमाजेला उभा राहायलाही लाजतो, नमाज सुटते, आणि सुटलेली नमाज पुन्हा पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध उभी राहते.

हे चक्र तोडायला बाहेरचे दाखले आणायची गरज नाही, परंपरेतच ते भरपूर आहेत. कुराणातले हजरत याकूब घ्या. मुलगा यूसुफ हरवल्यावर ते 'सब्रे जमील', म्हणजे सुंदर धीर, असा शब्द उच्चारतात. आणि कुराणातल्या त्याच सूरेत (अध्यायात) पुढे दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडल्याचं येतं. पैगंबर असूनही ते वर्षानुवर्षं रडले, आणि त्यांचा सब्र मोडला असं कुणी म्हणत नाही. प्रेषित मुहम्मदांच्या आयुष्यातही पत्नी खदीजा आणि काका अबू तालिब जवळपास एकाच काळात गेले, त्या वर्षाला 'आमुल हुज्न', दुःखाचं वर्ष, म्हणतात. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. डोळे रडतात, हृदय दुःखी होतं, पण तोंडून आपल्या रबला (पालनकर्त्याला) न आवडणारं काही निघत नाही, असं ते म्हणाल्याचं हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या नोंदींमध्ये, आहे.

हे सगळं समोरच्याला व्याख्यानासारखं ऐकवायचं नाही. तुम्ही विचारायचं: "याकूब पैगंबरांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ते इतके रडले. त्यांच्या ईमानाबद्दल तुम्ही काय म्हणाल?" उत्तर समोरून येऊ द्या. तुम्ही मुस्लिम नसाल तर तसं मोकळेपणानं सांगून विचारा, लोक मनापासून समजावतात. समजावता समजावता स्वतःशीच बोलू लागतात.

उपचार घेणं म्हणजे भरोसा सोडणं, ही भीतीही याच वेळी बाहेर येते. एका माणसानं प्रेषितांना विचारलं होतं, उंट बांधून भरोसा ठेवू की सोडून? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरोसा ठेव. लहानपणी मदरशात गेलेल्या बहुतेकांनी ही गोष्ट ऐकलेली असते. प्रत्येक रोगासोबत अल्लाहनं इलाजही उतरवला आहे, हीसुद्धा हदीसच आहे.

मनाचा आजार ही पाश्चात्त्यांची टूम आहे असं कुणी म्हटलं तर अबू जैद अल-बल्खी यांचं नाव सांगा. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचा हा विद्वान नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेला. शरीर आणि मन या दोहोंच्या जपणुकीवर त्यानं ग्रंथ लिहिला. कारण दिसणारं दुःख आणि कारणाविना येणारं दुःख असा फरक त्यात केला. आणि घरात औषधं हाताशी ठेवतो तसे बरे दिवस असताना दिलासा देणारे विचार साठवून ठेवा, म्हणजे वाईट वेळी कामी येतील, असंही सुचवलं. मी हा साठा लोकांना खरंच वहीत लिहायला लावते. विसाव्या शतकात सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी हा धागा पुन्हा उचलला. आज शिकागोचं खलील सेंटर अक्ल (बुद्धी), नफ्स (मनाच्या ओढी), रूह (आत्मा) आणि भावना यांना धरून बांधलेली उपचारपद्धती शिकवतं.

चौथी पायरी: इबादत (उपासना) उपचाराच्या वेळापत्रकात बसवा

नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, आणि कामं सुटली की मन आणखी खचतं. छोट्या कृती परत सुरू करून हे उलटवायचं, याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाच्या गझाला मीर यांनी हीच पद्धत मुस्लिमांच्या श्रद्धेशी जुळवून घेतली. नमाजीच्या आयुष्यात दिवसाला पाच खुंट्या आधीच ठोकलेल्या असतात: फजर (पहाट), जोहर (दुपार), असर (दुपार ढळल्यावर), मगरीब (सूर्यास्तानंतर), इशा (रात्र). त्यांना कृती अडकवा.

एक काळजी घ्या. 'सध्या एकच नमाज पढा, बाकी सोडा' असं तुम्ही कधीही म्हणायचं नाही. तो फतवा झाला, आणि तो देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. विचारायचं ते असं: "सध्या कोणती नमाज सगळ्यात सोपी जाते?" उत्तर बहुधा मगरीब असतं, कारण सकाळ नैराश्यात जड जाते. मग मगरीबच्या आधी आंघोळ, नंतर दहा मिनिटं चालणं, असं जोडत जा. मशिदीपर्यंत चालत जाणं म्हणजे मोकळी हवा, पावलं आणि चार माणसांना सलाम, असं तिन्ही एकदम साधतं. अंगात त्राण नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढता येते, अशी स्पष्ट हदीस आहे. आजारी माणूस ते विसरलेला असतो.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट फार सहज निसटते. मासिक पाळीत नमाज माफ असते. म्हणजे जिचा सगळा दिवस तुम्ही नमाजेच्या खुंट्यांवर टांगला, तिच्या त्या दिवसांत खुंट्याच नाहीशा होतात, आणि नेमके तेच दिवस मनाला अवघड जाणारे असू शकतात. त्या दिवसांसाठी वेगळा आराखडा आधीच ठरवा. तस्बीह (जपमाळ), जिक्र (अल्लाहचं नामस्मरण), दुआ (प्रार्थना) या दिवसांतही चालतात. नमाजेच्या वेळी त्याच जागी बसून पाच मिनिटं तस्बीह फिरवायची, एवढंही पुरतं.

बाळंतपणानंतर तर हा काळ आठवड्यांचा असतो. बाई घरातच, झोप तुटलेली, नमाज नाही, आणि भोवताली सगळे खूश. बाळंतपणानंतरचं नैराश्य इथे कुणाच्या लक्षातच येत नाही. ती गप्प झाली तर 'थकलीय' म्हणतात. पहिल्या चाळीस दिवसांत तिच्याशी बोलायला घरी जाता आलं किंवा फोन करता आला तर नक्की करा.

पाचवी पायरी: वसवसा (मनात घोळणारी शंका) ओळखा

वुजूला, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याला, चाळीस मिनिटं लागतात. हात धुतले तरी कोरडं राहिल्यासारखं वाटतं. नमाजेची नियत (मनातला संकल्प) पुन्हा पुन्हा बांधावी लागते. किंवा ऐन सज्द्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, अल्लाहबद्दल घाण विचार येतात आणि माणूस थरथरतो. घरचे म्हणतात, किती परहेजगार (धर्मनिष्ठ) आहे. प्रत्यक्षात हा ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, असू शकतो, आणि तो बरा होण्यासारखा आजार आहे.

इथला मुख्य उपचार म्हणजे शंका आली तरी पुन्हा धुवायचं नाही, आणि अस्वस्थता आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. पण धार्मिक माणसाला हा उपचार म्हणजे इबादतीशी खेळ वाटतो. म्हणून त्याच्या फिकहचाच (धार्मिक कायद्याचाच) आधार घ्या. 'यकीन (खात्री) शंकेनं जात नाही' हा इस्लामी कायद्याचा पायाभूत नियम आहे. वुजू केल्याचं पक्कं ठाऊक असेल तर तो मोडल्याच्या नुसत्या शंकेनं मोडत नाही. अवयव तीनदा धुवावेत, त्याहून जास्त करणं ही आगळीक, असंही हदीसमध्ये येतं. म्हणजे चौथ्यांदा हात न धुणं हीच आज्ञापालनाची कृती ठरते.

मात्र पंथ विचारून घ्या. शाफई मतानुसार परक्या स्त्री-पुरुषाचा त्वचेला स्पर्श झाला तर वुजू जातो, हनफी मतानुसार जात नाही. कोकणातून आलेल्या मुलाला मुंबईच्या लोकलमध्ये हा वसवसा कसा छळत असेल, याची कल्पना करा. तिथे तुम्ही स्वतः निवाडा देऊ नका. शाफई आलिमांकडून (धर्मपंडितांकडून) एकदाच स्पष्ट उत्तर मिळवा, लिहून घ्या आणि तो विषय बंद करा. दर आठवड्याला वेगळ्या मौलानांना तोच प्रश्न विचारणं हाही आजाराचाच भाग असतो, आणि प्रत्येक उत्तरानं तो वाढतो.

घाणेरड्या विचारांसाठी एक हदीस फार मोलाची आहे. काही सहाबी (प्रेषितांचे सोबती) प्रेषितांकडे आले आणि म्हणाले, मनात असं येतं की ते तोंडातून काढणंही भयंकर वाटतं. प्रेषित म्हणाले, हे तर उघड ईमान आहे. विचाराचा तिटकारा येतो, हीच खूण. ही हदीस पहिल्यांदा ऐकून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तीही औषधासारखी एकदाच द्या. रोज घोकली तर ती नवी तस्बीह होऊन बसते.

सहावी पायरी: जिन्न, नजर, बाहेरचं

'असं काही नसतं' हे वाक्य खोलीत उच्चारू नका. जिन्नांचा उल्लेख कुराणात आहे, वादात तुम्ही हराल आणि माणूसही गमवाल. 'हो, असेल' असंही म्हणू नका. विचारा: हे कुणी सांगितलं? कधीपासून? आतापर्यंत काय काय केलं, किती पैसे गेले, कुणी मारलं का, बांधून ठेवलं का?

सूरा फातिहा, आयतुल कुर्सी असे कुराणातले भाग पढून दम करणं (फुंकर घालणं), दुआ मागणं यात उपचाराला अडथळा काही नाही. ते सोबत चालू द्या. झटके येत असतील, अचानक भाषा-वागणं बदललं असेल, कानात आवाज येत असतील तर डॉक्टरांची तपासणी टाळता कामा नये, एवढं ठामपणे सांगा. आणि मारहाण किंवा साखळदंड असेल तर तिथे श्रद्धेचा प्रश्न संपला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, कोणत्याही धर्मात. मानसिक आरोग्य सेवा कायदाही रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई करतो. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले.

दुसरा रस्ताही आपल्या शेजारीच आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालू झाला. दर्ग्याचे मुजावर (सेवेकरी) दुआ करतात आणि आजाराची लक्षणं दिसली की तिथल्याच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. कुणालाही आपली श्रद्धा दारात ठेवावी लागत नाही.

जीव धोक्यात असेल तेव्हा

'इस्लाममध्ये आत्महत्या हराम आहे, तुम्ही तसं काही करणार नाही ना?' असा प्रश्न विचारला की 'नाही' हेच उत्तर मिळतं. थेट विचारा: "जगू नये असं वाटतं का? काही ठरवलंय का?" 'अल्लाह उठा ले' हे वाक्य कानाआड करू नका. लाज कमी करायला हजरत मरियमची (येशूच्या आईची) आठवण उपयोगी पडते. खजुराच्या झाडाखाली कळा सोसताना ती म्हणते, याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. कुराण तिला त्यावर रागावत नाही. तिला सांगितलं जातं: दुःख करू नकोस, खजूर खा, पाणी पी. आधी खाणं-पिणं, आधी जीव. तातडी वाटली तर एकटं सोडू नका, घरातल्या एका विश्वासू माणसाला त्यांच्या संमतीनं सामील करा, आणि टेली मानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तिथेच साठवून द्या.

रमजानची तयारी शाबानमध्ये

रमजानच्या आधीच्या, शाबान महिन्यात मनोविकारतज्ज्ञांची एक भेट घडवून आणा. लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्यांच्या शरीरात पाणी कमी झालं की औषधाची रक्तातली पातळी वाढून धोका होऊ शकतो. सहरीसाठी (पहाटेच्या जेवणासाठी) झोप मोडल्यानं बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) असलेल्यांना उन्मादाचा झटका येऊ शकतो. काही औषधं इफ्तार (संध्याकाळी रोजा सोडणं) आणि सहरीच्या वेळेत बसवता येतात, काही नाही. हे डॉक्टरांनी ठरवायचं. आजारी माणसाला रोजाची सूट कुराणातच, सूरा बकरामध्ये आहे, पण सूट घेताना घरात एकट्यानंच जेवणं फार बोचतं. इफ्तारला सगळ्यांसोबत बसणं, गरजूच्या इफ्तारीची सोय करणं, असं काहीतरी त्यांच्या वाट्याला राहील हे पाहा. कॅप्सूलचं जिलेटिन हलाल आहे का, हा प्रश्नही आधीच विचारून घ्या. बरेच जण न विचारता औषध बंद करतात.

मौलानांशी ओळख करून ठेवा

गरज पडण्याआधी. तुमच्या भागातल्या दोन-तीन मशिदींचे इमाम कोण, कोणत्या पंथाचे, मनाच्या आजाराबद्दल त्यांचं मत काय, हे जाऊन विचारा. असरनंतरचा वेळ सहसा निवांत असतो, आधी फोन करून जा. तुम्ही काय काम करता ते सांगा, आणि लोक त्यांच्याकडे मनाचं काय काय घेऊन येतात ते ऐका. तलाक, घरातले मारहाणीचे प्रसंग, पोरांची व्यसनं, हे सगळं तुमच्याआधी त्यांच्याकडेच जातं.

एखाद्या व्यक्तीबद्दल बोलायचं असेल तर तिची लेखी संमती घ्या, आणि कोणत्या एका प्रश्नापुरतं बोलायचं ते तिच्यासमोरच ठरवा. शक्य असेल तर तिघांनी एकत्र बसा. मौलानांना विचारा: "डॉक्टरांनी औषध दिलंय, रोजा ठेवू नका म्हणाले आहेत. हिला वाटतं की आपण गुन्हा करतोय. तुम्ही हिला काय सांगाल?" आणि मग तुम्ही गप्प राहा. त्या खोलीत तो शब्द त्यांच्या तोंडून येणं जरुरीचं असतं.